रिकाम्या ट्रॉलीची पिन

भरलेल्या ट्रॉलीपेक्षा रिकाम्या ट्रॉलीची पिन जास्त दगा देते, हे माझं म्हणणं भडगावातल्या फार थोड्या ड्रायव्हरांना पटतं. त्यांचा हिशेब सरळ आहे. ओझं जास्त तर ताण जास्त, ताण जास्त तर धोका जास्त. म्हणून केळीच्या बागेतून किंवा गिरणेच्या पात्रातून भरून निघताना जो तो मागे वळून बघतो, कडीला लाथ मारून बघतो, पिनेच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका टाकतो. आणि खाली करून परतताना मोबाइलवर गाणं लावून थेट सीटवर जाऊन बसतो. मी आता ट्रॉली जोडत नाही. मान पुरती वळत नाही, गुडघा वाकत नाही. ट्रॅक्टर एक जण मागे घेतो, पिन दुसरा लावतो आणि मी बाजूला उभा राहून बघतो. हात कामातून निघाला तेव्हापासून, हाताला जे न बोलता कळायचं ते तोंडाने पटवून द्यायची वेळ आली आहे. त्या खटपटीत मी फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: पिन तुटणं वेगळं आणि पिन निघणं वेगळं. तुटायला वजन लागतं. निघायला ओढ सैल झालेला एक क्षण पुरतो.

पुरावा रोजच्या कामातच आहे, फक्त त्याच्याकडे पुरावा म्हणून कोणी बघत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू. कोरडी असली तरी साधारण ४.५ टन, ओली असली तर ५ टनांच्या वर. दोनचाकी ट्रॉलीत तिचा काही हिस्सा दांडीवरून ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. दांडीच्या टोकाची कडी हुकाच्या खालच्या पट्टीवर दाबून बसते, आणि ट्रॅक्टर ओढत असला की पिनेला पुढून कडी आणि मागून हुकाच्या पट्ट्या अशा काही आवळतात की ती हाताने उपसून निघत नाही. ती काढायची तर ड्रायव्हरला ‘जरा मागे रेट’ म्हणून सांगावं लागतं. हे पोरगंही जाणतं. ट्रॅक्टर बोटभर मागे आला, कडी सैल झाली, की तीच पिन दोन बोटांनी वर येते. मग रिकामी ट्रॉली गतिरोधकावरून उडते तेव्हा वेगळं काय घडतं? दांडी क्षणभर हलकी होते, कडी पट्टीवरून उचलली जाते, पुढे-मागे आपटते, आणि प्रत्येक आपटण्यात पिनेला घासत थोडं वर नेते. पिन काढताना आपण जे मुद्दाम करतो तेच रस्ता न सांगता करत असतो, आणि जामदा कालव्याच्या चाऱ्या ओलांडत शेतातून डांबरीवर येईपर्यंत असंख्य वेळा करतो. मधे अडसर असतो तो पिनेच्या खालच्या भोकातली क्लिप. तिची किंमत चहाच्या दोन कपांइतकी, आणि तिच्या जागी तार, खिळा, वेल्डिंगच्या काडीचा तुकडा, काहीही सापडतं. बऱ्याचदा काहीच नसतं.

ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने वर्षभर वापरलेली पिन हातात घेऊन उन्हात फिरवून बघावी. ती मधोमध पुढच्या अंगाने झिजलेली असते, कारण ओढताना कडी तिथे टेकते. आणि वर-खाली मागच्या अंगाने, कारण तिथे हुकाच्या पट्ट्या टेकतात. एवढीच झीज असेल तर ट्रॅक्टर नुसता ओढत आला आहे. मधली खाच मागच्या अंगालाही दिसली तर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत होती. म्हणजे ड्रायव्हर उशिरा आणि जोरात ब्रेक मारणारा आहे. खाच एका जागी न राहता वर-खाली पसरलेली असेल तर कडी नाचत होती. आणि पिनेच्या डोक्याखाली, जिथे काही घासायचं कारणच नाही, तिथे चकाकी दिसली, तर पिन वर येऊन पुन्हा खाली बसत होती. नशिबाने बसत होती. ही चकाकी मला खिळा लावलेल्या पिनांवर दिसते, कारण खिळा सैल असतो आणि पिनेला वर यायला जागा देतो. मापाची क्लिप असलेल्या पिनेवर ती जवळजवळ नसते. पिनेऐवजी बोल्ट वापरणाऱ्यांचा प्रश्नच वेगळा: आटे पडलेल्या भागावर जोर आला की प्रत्येक आटा म्हणजे एक तयार चीर. सळईचा तुकडा तोडून पिन करणाऱ्यांविषयी मी बोलत नाही. तो मऊ लोखंडाचा वाकतो, वाकला की अडकतो, अडकला की ‘घट्ट बसली’ असं वाटतं.

दांडी नुसत्या खड्ड्यांनीच हलकी होत नाही, ओझं कुठे आहे त्यानेही होते. मागे ओझं आणि पुढे हलकं, याला बैलगाडीवाले उलाळ म्हणायचे, आणि गाडी उलाळ झाली तर बैलांच्या मानेवरचं जू वर उठून जोत गळ्याला आवळतं हे त्यांना बैलाच्या चेहऱ्यावरून कळायचं. ट्रॅक्टरला चेहरा नाही. आमच्या जिल्ह्यात ठिबक आणि पाइप घरोघर. ६ मीटरचे पीव्हीसी पाइप १० फुटी ट्रॉलीत टाकले की निम्मे फाळक्याबाहेर लोंबतात. वजन काहीच नाही, म्हणून कुणी धास्ती घेत नाही, पण त्या वजनाचा मध्य चाकांच्या मागे पडतो आणि रिकाम्या ट्रॉलीची दांडी मुळात जेमतेम भार धरून असते. कापूस वेचून परतणाऱ्या बायांनी ट्रॉलीत बसू नये हा कायदा आहे. बसतात हे वास्तव आहे. आणि बसतात त्या मागे, पाय सोडून, कारण पुढे ट्रॅक्टरचा धूर आणि धूळ येते. माणसं म्हणजे सरकणारं ओझं. हायड्रॉलिक ट्रॉलीत तर उलाळ होणं हा कामाचाच भाग. पेटी वर उचलली की माल फाळक्याकडे घसरतो, दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या भागाला वर ओढते, चिकटलेली ओली माती सुटावी म्हणून ड्रायव्हर क्लच सोडून दोन झटके मारतो. दिवसभरात पिनेचे सगळ्यात जास्त हाल कधी होत असतील तर त्या झटक्यांत; आणि नेमकं त्यानंतर, काम झालं म्हणून, कुणी उतरून बघत नाही. अमेरिकेत गाडीमागे ट्रेलर ओढणारे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा असा माल लावतात. त्याहून कमी झाला की ट्रेलर शेपटीसारखा हेलकावतो. त्यांचा हूक वेगळा, त्यांची भीती वेगळी. पण पुढे हलकं ठेवू नये हा नियम आमच्या गाडीवाल्यांनी बैलांच्या जिवावर शिकलेलाच आहे.

यावर एक चांगला आक्षेप आहे. असं असेल तर भरलेली ट्रॉली निर्धोक झाली की काय? ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः सुमारे २ टनांचा. त्याच्यामागे त्याच्या दुप्पट-तिप्पट ओझं, ट्रॉलीला बहुधा ब्रेक नाही, ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच दोन चाकांना. कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना अशी ट्रॉली सुटली तर रिकामी सुटण्यापेक्षा कितीतरी भयंकर, हे मी कशाला नाकारू. पण सुटल्यावर काय होतं हा एक प्रश्न आणि सुटते कधी हा दुसरा. आणि घाटातसुद्धा सुटण्याचा क्षण हलकाच असतो: उतारावर ट्रॉली पुढे ढकलू लागते, कडी पिनेच्या पुढच्या अंगावरून सुटून मागच्या अंगावर येते, आणि या येण्या-जाण्यात पिनेला क्षणभर कुणीच धरलेलं नसतं. ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला की तेवढ्या वेळा ती मोकळी होते. म्हणून माझं म्हणणं रिकाम्या ट्रॉलीपुरतं नाही. ओझं असो वा नसो, ओढ थांबली की तपासा.

दुसरा आक्षेप साखळीचा. साखळी लावा, पिनेचं बघायला नको, असं काही जण म्हणतात. साखळी हवीच, दोन हव्यात, दांडीखाली एकमेकींना छेदून, म्हणजे दांडी पडली तर जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडते. वळताना ताणणार नाही इतकी ढील आणि रस्त्यावर घासणार नाही इतकी आखूड. पण आमच्याकडे साखळीचं दुसरं टोक बहुतेक त्याच पिनेत अडकवलेलं दिसतं, म्हणजे जे निघणार त्यालाच राखण बसवली. ती ट्रॅक्टरच्या अंगाला, हुकापासून वेगळ्या जागी बांधली तरच तिला अर्थ. टॉप लिंकला तर कधीच नाही. इतक्या वरून ओढ आली की पुढची चाकं उठतात, आणि उठलेला ट्रॅक्टर पाठीवर पडायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. लिफ्टच्या दोन हातांमधल्या भोकांच्या पट्टीला ट्रॉली जोडणारेही याच रांगेतले. लिव्हरला गुडघा लागला की दांडी आपोआप वर. तिसरा आक्षेप नव्या हुकांचा, जे खटका वाजवून स्वतः बंद होतात. मला ते आवडत नाहीत, आणि त्यात म्हाताऱ्याचा हेका किती आणि विचार किती हे मला नीट वेगळं करता येत नाही. विचार असा की खटक्याचा आवाज अर्धा बसला तरी तसाच येतो, आणि झाकलेली गोष्ट बघायला माणूस वाकत नाही. उघड्या पिनेत निदान खालून डोकावणारी क्लिप दिसते किंवा दिसत नाही.

जोडताना माणूस मधे येतो, त्याबद्दल आमचे लोक सगळ्यात बेफिकीर. रिकामी दांडी दोघं उचलून धरतात, ट्रॅक्टर मागे येत असतो, आणि कडी भोकावर आली का हे बघायला तिसरा बोट घालतो. सळईने बघता येतं, स्क्रूड्रायव्हरने बघता येतं. दांडीला जॅक असला, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, ट्रॅक्टर उभा करून गिअर काढला आणि मगच आत शिरलं, तर उचलण्याची गरजच राहत नाही. पण एकदाच मागे घेऊन, कुणी हात न दाखवता, भोकाला भोक मिळवणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी बढाई आहे. ती मलाही होती. खरं तर अजून आहे. कुणी दोन-तीनदा पुढे-मागे केलं की माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत असणार, कारण पोरं माझ्यासमोर मागे घ्यायला कचरतात. त्या कचरण्याचं मला बरं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि त्या बढाईपायीच जॅक लावणारा ड्रायव्हर कच्चा ठरतो.

वाळूवाल्यांनी हे सगळं बिघडवलं, असं म्हणायची पद्धत आहे. रात्रीच्या अंधारात, पकडले जाण्याच्या भीतीने, लाइट न लावता जोडलेल्या ट्रॉलीत क्लिप कोण शोधणार? त्यांच्यावर राग आहेच. पण दोष तेवढ्यावर टाकून मोकळं होता येत नाही. तालुक्याच्या गावांतले काही ट्रॉली बांधणारे पेटी सहज पालथी व्हावी म्हणून चाकांचा आस पुढे सरकवून देतात. माल झटक्यात खाली होतो, गिऱ्हाईक खूश. पण ती ट्रॉली जन्मभर उलाळच राहते. कडीचं भोकही सैल ठेवतात, कुठल्याही ट्रॅक्टरला बसावी म्हणून. मोठ्या भोकात बारीक पिन म्हणजे प्रत्येक खड्ड्यात आपटायला जागा. कायद्याकडूनही इथे फार मदत नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात सांगितलं की ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स निरुपयोगी होत नाही. विम्याच्या भांडणापुरतं ते योग्यच होतं, नाहीतर नुकसानभरपाईची कितीतरी प्रकरणं अडली असती. गावाने मात्र त्यातून एवढंच घेतलं, की ट्रॅक्टर चालवता आला म्हणजे ट्रॉली आलीच.

एका गोष्टीवर माझं आणि इथल्या इतरांचं अजून जमलेलं नाही: पिन ट्रॅक्टरला साखळीने बांधून ठेवावी की ट्रॉलीला. मी ट्रॅक्टरच्या बाजूचा. पिनेची लांबी ठरते हुकाच्या दोन पट्ट्यांवरून. आखूड पिन वरच्याच पट्टीतून गेली की सगळा जोर एका बाजूने येतो आणि ती वाकते. आमच्याकडे ट्रॉली उसनी फिरते, आज या ट्रॅक्टरला, उद्या त्या. प्रत्येक ट्रॅक्टरने आपल्या मापाची पिन आणि तिच्यासोबत तिची क्लिप जवळ बाळगली तर अर्धी गडबड मिटते. पलीकडच्यांचं म्हणणं असं, की ट्रॅक्टर कल्टिव्हेटरला जुंपला की पिन काढून टूलबॉक्समध्ये जाते, तिथून ती कुणाच्या तरी नांगराला लागते, आणि ट्रॉली जोडायच्या दिवशी पुन्हा सळईचा तुकडा शोधावा लागतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच म्हणता येईल की मग दोन पिना घ्या. आणि दोन पिना घेतल्या तर दुसरीला क्लिप नसणार, हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक आहे.