मुसाफिराच्या दोन याद्या

आमच्या घराण्यात प्रवास नेहमी कुणाकडे तरी असायचा. लग्नाला नळदुर्गला, उरुसाला गुलबर्ग्याला, दवाखान्यासाठी मिरजेला, मयतीला जिथे कळवतील तिथे. खूप पैसे साठले तर हजला. एखादा डोंगर किंवा पक्षी नुसता पाहायला घर बंद करून निघायचं, ही गोष्ट आम्हाला उधळपट्टीची वाटायची. खराडीत राहायला आल्यावर मात्र रोज वेगळंच दिसतं. दिवाळी झाली की सोसायटीतल्या गाड्यांच्या टपावर सामान चढतं; कुणी स्पितीला, कुणी हंपीला, कुणी कच्छला निघतं. आमची गाडी तेवढी आयटी पार्कपर्यंत जाऊन परत येते.

यंदा आम्हीही निघतोय. कार्तिक संपता संपता निघायचं, कच्छचं छोटं रण, जैसलमेरचं वाळवंट आणि अबूचा डोंगर करून परतायचं. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि अम्मी. तेरा दिवस, बारा रात्री, सुमारे तीन हजार किलोमीटर.

हेच दिवस का, याला कारण आहे. छोट्या रणात पावसाळ्यात पाणी साचतं आणि तिथलं रानगाढवांचं अभयारण्य ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. नोव्हेंबरात जमीन वाळते, अगरिया मिठाचे आगर बांधायला रणात उतरलेले असतात आणि उत्तरेकडचे पक्षीही आलेले असतात. वाळवंटात दुपारचं ऊन सोसतं, रात्री शाल लागते. डिसेंबरच्या अखेरीस गेलो तर अबूवर पाय ठेवायला जागा नसते आणि मुक्कामाचे दर दुप्पट होतात.

पण निघण्याचं खरं कारण माळढोक आहे. अब्बांनी तरुणपणी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक पाहिला होता. माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी गवतातून शांतपणे चालत गेला, असं ते सांगायचे. नान्नजचं अभयारण्य १९७९चं. आज तिथे माळढोक दिसलाच तर त्याची बातमी होते. देशभरात दीडशेच्या आसपास उरले असं म्हणतात, आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे उडताना समोरची वीजवाहिनी त्याला वेळेवर दिसत नाही, आणि इतकं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. या तारा जमिनीखाली घ्याव्यात म्हणून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, मग तो २०२४मध्ये बदलावाही लागला, कारण त्याच वाळवंटात सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहत आहेत. अब्बा आता नाहीत. मुलीने त्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली आहे, आणि ती विचारते, ‘‘दादाजींनी पाहिलेला पक्षी मी मोठी होईपर्यंत राहील का?’’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिला तिथवर नेणं मात्र माझ्या हातात आहे.

म्हणून यादी करायला बसलो. पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं, की आमच्या घरात याद्या दोन होत आहेत. एक कागदावर. दुसरी कुणी लिहीत नव्हतं, पण प्रत्येकाच्या बोलण्यात होती.

कागदावरची यादी अशी. पहाटे फजर पढून येरवडा, खडकी, पिंपरीमार्गे द्रुतगती मार्ग गाठायचा, म्हणजे शहराची गर्दी लागत नाही. पहिला मुक्काम सुरत. मग अहमदाबाद ओलांडून छोट्या रणाच्या काठावर झैनाबादला दोन रात्री. रानगाढवांचं हे अभयारण्य १९७३चं, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं. तिथून सांचोरमार्गे बाडमेर एक रात्र, जैसलमेर तीन रात्री. सुदासरीचा कुंपण घातलेला गवताळ भाग, समच्या वाळूच्या टेकड्या. परतताना रामदेवरा करून फलोदीला मुक्काम, कारण खीचनचे करकोचे सकाळीच पाहायचे. मध्य आशियातून येणारे हे पक्षी तिथे कुरजा म्हणून ओळखले जातात. गावकरी त्यांच्यासाठी दररोज दाणे टाकतात आणि हजारोंचे थवे गावात उतरतात. मग जोधपूर एक रात्र, अबू दोन रात्री. तेरा दिवसांत फक्त एकच मोठा डोंगर, पण अरवलीतला सर्वांत उंच. गुरुशिखर १७२२ मीटर. अबूच्या जंगलात अस्वलं आहेत आणि हिरवी मुनिया आहे. आणि अम्मीला तलावाकाठी निवांत बसायचं आहे. शेवटी पुन्हा सुरत आणि घर.

दुसरी यादी अशी. बुकिंग ऑफिसमधल्या मित्राच्या नावावर कर. सीमेकडच्या जिल्ह्यात आपल्या नावाने कशाला जायचं? अम्मीला म्हणावं, प्रवासात बुरखा नको, नुसती ओढणी घे. रस्त्यात गाडी थांबवून नमाज पढू नका, कुणी व्हिडिओ काढेल. डब्यात मटण नको. धाब्यावर एकमेकांना नावाने हाका मारू नका. यातला एकही सल्ला परक्याने दिलेला नाही. देणारे सगळे आपलेच होते, काळजीपोटी सांगत होते. दहा वर्षांपूर्वी यातली निम्मी वाक्यं कुणाला सुचली नसती, हे त्यांनाही ठाऊक आहे.

ही यादी निराधार आहे असं मी म्हणणार नाही. एका गावातल्या मुक्कामाच्या ठिकाणी मोबाइलवर खोल्या रिकाम्या दिसत होत्या. फोनवर तारीख जुळली, दर ठरला. नाव सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग ‘‘साहब, अभी देखा, फुल है.’’ संध्याकाळी त्या खोल्या तशाच रिकाम्या दिसत होत्या. बायको काही बोलली नाही. तिने कागदावर त्या जागेवर काट मारली.

पुढच्या ठिकाणी मी बोलायच्या आधी तीच बोलली. स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, माझं सांगितलं, सासूबाईंना जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावर खोली हवी असं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘‘माँजी को गरम पानी कितने बजे चाहिए?’’ बायको म्हणाली, फजरच्या आधी. ‘‘मतलब पाँच-साढ़े पाँच? हो जाएगा.’’ त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: बुकिंग आपल्याच नावावर, आणि नाव पहिल्याच वाक्यात. ज्यांना अडचण आहे त्यांची अडचण फोनवरच कळलेली बरी. अम्मीला घेऊन रात्री नऊ वाजता दारात उभं राहून कळायला नको.

यानंतर दोन्ही याद्या शेजारी मांडल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या यादीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. काही ओळी दीनच्या आहेत, काही भीतीच्या. बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत नमाज, जेवण, कपडे हेच शब्द. पण दीनच्या ओळी प्रवास हलका करतात आणि भीतीच्या ओळी तो जड करतात.

नमाजचंच बघा. मुसाफिराला सवलत आहे. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज प्रवासात दोन होतात. आमच्या घरात यावर छोटी परिषदच झाली, कारण मी हनफी आणि बायको रत्नागिरीकडची, शाफई. तिच्या मसलकमध्ये जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात, आमच्यात प्रत्येक नमाज आपल्या वेळेला. आमच्यात पंधरा दिवस किंवा जास्त एका ठिकाणी राहायचा इरादा असेल तर माणूस मुकीम होतो, त्यांच्यात पूर्ण चार दिवसांचा हिशेब आहे. आमचा सर्वांत मोठा मुक्काम तीन रात्रींचा, म्हणजे दोन्ही हिशेबांनी आम्ही घरी परतेपर्यंत मुसाफिरच. पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होत असेल तर तयम्मुम आहे, आणि पाक मातीची वाळवंटात काय कमतरता? अम्मी आयुष्यभर हे मसले ऐकत आली. वापरायची वेळ हजनंतर आता येतेय.

मुलीने यात आपलं काम शोधलं. नोव्हेंबरच्या अखेरीस जैसलमेरला सूर्य पुण्यापेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा उगवतो, पण मावळतो साधारण त्याच सुमाराला, हे तिने काढलं. म्हणजे उजेडाचे तास कमी, म्हणून लांबचा पल्ला सकाळीच संपवायचा. किब्ल्याचंही तिने पाहिलं. पुण्यात तो पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे, जैसलमेरला पोचेपर्यंत किंचित दक्षिणेला सरकलेला असेल. वाटेत तो नेमका पश्चिमेला कुठे येतो, हे ती होकायंत्र घेऊन शोधणार आहे. शाळेने रजा दिली आहे, पाहिलेल्या पक्ष्यांची वही भरून आणायच्या अटीवर.

जेवणाची चिंताही अशीच सुटली. गुजरातच्या महामार्गांवरची कितीतरी शुद्ध शाकाहारी हॉटेलं चेलिया मुसलमान चालवतात, पालनपूर-सिद्धपूर भागातले. पाट्यांवर त्यांची नावं नसतात. तेव्हा ज्या हॉटेलात आपण आपलं नाव लपवून बसू, तिथे गल्ल्यावरचा माणूसही कदाचित तेच करत असेल! मला याचं हसू आलं आणि वाईटही वाटलं. डब्यात मटण नाही, पण ते भीतीमुळे नाही. तीन हजार किलोमीटर टिकणार नाही म्हणून. अम्मी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतेय. ती पंधरा दिवस टिकते.

आता भीतीच्या ओळी. रात्री गाडी चालवायची नाही, ही ओळ ठेवली. रस्त्यावर नीलगायी आणि उंट येतात, ती कुणासाठीही खरी आहे. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवायची, ही ठेवली. सीमेलगतच्या जिल्ह्यात ती सगळ्यांनाच लागतात. नमाज मुक्कामावर, मशिदीत किंवा विचारून घेतलेल्या जागेत पढायची, ही ठेवली. कुणाच्या वाटेत जानमाज टाकू नये हे आपल्याला आधीपासूनच शिकवलेलं आहे. बाकीच्या काटल्या. अम्मीने काय घालायचं ते अम्मी ठरवेल. मुलीला मी तिच्या नावानेच हाक मारणार.

काटणं सोपं नव्हतं. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘भाई, एवढं सगळं सोसून पक्षीच बघायचाय ना? केरळला जा.’’ केरळलाही जाऊच. पण ज्या दिशेला भीती वाटते ती दिशा एकेक करून नकाशातून पुसत गेलो तर एक दिवस नकाशावर फक्त आपला मोहल्ला उरेल. आणि त्या बाजूला आपलं काहीच नाही असंही नाही. रामदेवराला हिंदू ज्यांना बाबा रामदेव म्हणतात, त्यांनाच मुसलमान रामसा पीर म्हणत आले. जैसलमेर-बाडमेरचे मांगणियार गायक मुसलमान आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्म-लग्नाची गाणी त्यांच्याच गळ्यातून येतात. आणि माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा यासाठी ज्यांनी आग्रह धरला, ते सलीम अली मुंबईच्या बोहरा कुटुंबातले. १९६३मध्ये मान मोराला मिळाला. पण आयुष्यभर पक्षी पाहण्यासाठी हा देश हिंडलेला माणूस आपल्यातच होऊन गेला, हे मुलीला कळायला हवं.

जमिनीवर हिंडून निर्मिती कशी सुरू झाली ते पाहावं, अशा अर्थाचा हुकूम सूरह अनकबूतमध्ये आहे. लहानपणी ही आयत किती वेळा पढली, पण तिचा अर्थ कधी गाडीच्या टाकीपर्यंत पोचला नाही. आमच्या वडीलधाऱ्यांकडे पैसा नव्हता, रजा नव्हती. आमच्याकडे दोन्ही थोडं थोडं आहे. आता भीतीचं कारण सांगून घरी बसलो तर पुढची पिढी तीच सवय उचलेल.

माळढोक दिसेल याची खात्री नाही. दीडशे पक्षी आणि हजारो चौरस किलोमीटर वाळवंट, हिशेब सरळ आहे. रानगाढवं मात्र दिसतील. त्यांची संख्या वाढते आहे. कुरजा दिसतील, मुनिया कदाचित. मुलीला हे सगळं सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, ‘‘नाही दिसला तर वहीत लिहीन, शोधला.’’

टायर तपासून झाले, खोल्या ठरल्या, सगळ्या आमच्याच नावावर. मुसाफिराची दुआ कबूल होते असं मोठी माणसं सांगतात. सुदासरीच्या गवताकडे तोंड करून बसू तेव्हा तुमच्यासाठीही मागू, आणि त्या पक्ष्यासाठीही. तुम्ही आमच्यासाठी मागा.