नऊ नंबरच्या हाती शिट्टी

रग्बीत नऊ नंबरची जर्सी असते स्क्रम-हाफची. अंगाने बहुधा संघातला सगळ्यात लहान, तोंडाने सगळ्यात मोठा. चेंडूवर खेळाडूंचा ढीग पडला की तो बाहेर काढायला हाच पुढे, आणि तिथेच दोन पावलांवर पंच उभा. त्यामुळे ऐंशी मिनिटं पंचाच्या कानाशी भुणभुण करण्याचा मान परंपरेने याचाच.

यातले काहीजण पुढे स्वतःच शिट्टी घेतात. २००७च्या विश्वचषकाची अंतिम लढत चालवणारा आयर्लंडचा ॲलन रोलँड हा नऊ नंबर. ऑस्ट्रेलियाचा निक बेरी, हार्लेक्विन्सकडून खेळलेला कार्ल डिक्सन, मन्स्टरचा फ्रँक मर्फी हेही नऊ नंबरच. याला निव्वळ योगायोग म्हणणं कठीण.

ज्या ढिगाला रग्बीत ‘ब्रेकडाउन’ म्हणतात, तिथे खरी परीक्षा असते. पाडणाऱ्याने पकड सोडून बाजूला व्हायचं, पडलेल्याने चेंडू सोडायचा आणि तिसऱ्याने आपल्या पायांवर उभं राहूनच त्यावर हात घालायचा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि त्यात प्रत्येकजण थोडीथोडी लबाडी करत असतो. कोण खरंच अडकलाय आणि कोण अडकल्याचं नाटक करतोय, हे पुस्तकातून शिकायला वर्षं लागतात. ज्याने दहा वर्षं तेच नाटक केलं, त्याला ते आपसूक दिसतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

शिकण्यापेक्षा विसरणं मात्र जड जातं. खेळाडूची नजर चेंडूमागे धावते, पंचाला ती चेंडूवरून काढून ऑफसाइडच्या रेषेवर ठेवावी लागते. क्रिकेटमध्ये खेळाडूने पंच होणं जुनंच: कुमार धर्मसेना १९९६ची विश्वचषकाची अंतिम लढत खेळला आणि २०१५च्या अंतिम लढतीत पंच होता. पण क्रिकेटच्या पंचाला स्टंपामागची जागा तरी ठरलेली असते. रग्बीत ती दर काही सेकंदांनी नव्याने शोधायची, तीही धावत.

आणि हे शिकायला यायचं कोणी? व्यावसायिक खेळाडू निवृत्त झाला की प्रशिक्षकाची किंवा समालोचकाची खुर्ची खुणावते. शिट्टी घेतली तर पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. म्हणूनच पंच शोधणाऱ्यांनी निरोप समारंभांपेक्षा फिजिओच्या खोलीकडे, दुखापतीने खेळ अर्धवट सुटलेल्यांकडे, लक्ष द्यावं. बेरीची कारकीर्द डोक्याला बसलेल्या मारांमुळे संपली. पुढे डोक्यावर आदळलेल्या टॅकलला कोणतं कार्ड द्यायचं, हे तोच ठरवू लागला. जॉर्जियाचा पंच निका अमाशुकेली यालाही दुखापतींनीच खेळ सोडायला लावला. स्कॉटलंडच्या हॉली डेव्हिडसनचा खांदा निखळला आणि खेळणं थांबलं. २०१७मध्ये ती वित्तक्षेत्रातली नोकरी सोडून पूर्णवेळ पंच झाली आणि २०२५मध्ये ट्विकेनहॅमवर, ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, महिला विश्वचषकाची अंतिम लढत तिने चालवली.

माणूस आणला तरी तो टिकतो का, हा पुढचा प्रश्न. २०२१मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स संघाविरुद्धच्या पहिल्या कसोटीनंतर दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संचालक रासी इरास्मस याने त्या सामन्याचा पंच बेरी याच्या चुका दाखवणारी तासाभराची चित्रफीत केली आणि ती जगभर फिरली. इरास्मसवर बंदी आली, पण बेरीला व्हायचा तो त्रास होऊन गेला होता. २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीनंतर पंच वेन बार्न्सच्या कुटुंबाला धमक्या आल्या. त्याच सामन्याचा टीव्ही पंच टॉम फोली याने आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतलं. अशा वेळी तिशी ओलांडलेल्या, चांगलं नाव कमावलेल्या खेळाडूला ‘ये, पंच हो’ म्हणायला तोंड कसं उघडावं?

काहींना तर शिट्टी सोडायला शिव्याही लागत नाहीत. न्यूझीलंडचा ग्लेन जॅक्सन दहा नंबरवर खेळायचा. सॅरसेन्सकडून तो २०१०मध्ये निवृत्त झाला आणि २०१५च्या विश्वचषकात पंच होता. असा माणूस संघांनाही हवाहवासा वाटणारच. काही वर्षांनी तो फिजीच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात दाखल झाला.