माणिक चौकातील एक प्रश्न

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापीकाठच्या रेल्वेने हिवाळ्यात नंदुरबारास उतरले, की प्रथम स्वागत होते ते मिरचीच्या खकाण्याने! गावाबाहेर लांबच लांब मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या आणि दूर उत्तरेस सातपुड्याची निळसर रेघ. १९९८ साली धुळ्यापासून निराळा झालेला हा जिल्हा. तोरणमाळास जावयाचे म्हणून आम्ही उभयता व धाकटी नात येथे एक दिवस मुक्कामास राहिलो.

नंदुरबारास येऊन माणिक चौकात मस्तक नमविल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी मुलांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली आणि पोलिसांनी तिजवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा धारातीर्थी पडले. मुलींवर रोखलेल्या बंदुकीपुढे शिरीष छाती काढून उभा राहिला, असे येथील वडीलधारी सांगतात.

स्मारकापाशी नातीने विचारले, “आजोबा, तेव्हा हे टीव्हीवर दाखविले होते का?”

प्रश्न बाळबोध खरा, पण उत्तर सोपे नव्हते. दूरचित्रवाणी तेव्हा हिंदुस्थानात नव्हतीच, रेडिओ होता. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खाजगी कंपनीने सुरू केले. श्रोते थोडे, खर्च फार. कंपनी बुडाली आणि १९३० साली हे काम सरकारने हाती घेतले. पुढे महायुद्ध आले. ज्याच्या हाती बंदूक, त्याच्याच हाती ध्वनिक्षेपक! म्हणूनच १९४२ च्या ऑगस्टअखेर उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जागा बदलीत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. आष्टी-चिमूरची हकीकत त्याने लोकांच्या कानी घातली. १२ नोव्हेंबर रोजी पोलिसांनी तो पकडला.

हा प्रकार केवळ परकीय अमलातच घडतो, असे मात्र नव्हे. सयाम, म्हणजे आजचे थायलंड, हे स्वतंत्र राष्ट्र. तेथे १९६७ साली एका खाजगी कंपनीने सातव्या क्रमांकाची वाहिनी काढली, ती लष्कराने दिलेल्या परवान्यावर. इतर वाहिन्याही सरकारच्या वा सैन्याच्याच मुठीत. १९९२ च्या मे महिन्यात बँकॉकच्या रस्त्यावर सैन्याने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा घरातल्या पडद्यावर त्याचे खरे चित्र उमटले नाही. त्या संतापातून लोकांनी स्वतंत्र वाहिनीची मागणी केली व ती १९९६ साली सुरू झाली. कंपनी खाजगी म्हणून वाणी मोकळी, असे समजण्यात अर्थ नाही. परवाना कोणाचा, हे आधी पाहावे.

वाचकहो, आपल्या दिवाणखान्यात सायंकाळी जो आवाज येऊन बसतो, त्याचा धनी कोण, हे घरातील मुलांनी विचारले तर त्यांना गप्प बसवू नये.

रात्री यजमानांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेली त्या दिवसाची हकीकत नातीस पुन्हा सांगितली. दुसरे दिवशी तोरणमाळाच्या घाटात तिने ती पाचही नावे न चुकता म्हणून दाखविली.