उभ्या गाडीचा जमाखर्च

रोज पळणाऱ्या गाडीची बॅटरी माझ्याकडे क्वचित येते. येते ती उभ्या गाडीची. दापोली तालुक्यातल्या वाड्यांमधून अशा गाड्या पुष्कळ. मालक मुंबईला, गाडी गावाला. शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत ती चार दिवस रस्त्यावर येते. एरवी पत्र्याच्या शेडमध्ये. घराला कुलूप, मेन स्विच बंद. काही जण निवृत्त होऊन कायमचे गावी आलेत, पण त्यांचं घर पाखाडी चढून वर आणि गाडी खाली सडकेला. तिथवर वायर ओढायची तर दुसऱ्याच्या आगरातून न्यावी लागेल. म्हणून "चार्जर लावा की" हा शहरातला सल्ला इथे कामाचा नाही. विजेचा पॉइंट नसलेल्या जागी बॅटरी धड ठेवायची, हे माझ्या ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यातलं एक कायमचं काम होऊन बसलं आहे. या कामात हात काळे होतात खरे, पण काम आहे ते हिशेबाचं.

लोक बॅटरी कानाने तपासतात. हॉर्न वाजला, म्हणजे बॅटरी ठीक. पण हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात. सेल्फला छोट्या पेट्रोल गाडीतही शे-दीडशे लागतात. हॉर्न ठणठणीत वाजतो आणि किल्ली फिरवली की नुसतं टकटक, हे त्यामुळेच. दुसरा भरवसा असतो तो सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर. तो डोळा सहा सेलांपैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. बाकीच्या पाचांची खबर त्याला नसते.

मी मीटर लावतो. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी, कारण नुकत्याच चालवलेल्या गाडीचा आकडा फसवा, फुगलेला येतो. भरलेल्या सेलमधून २.१ व्होल्ट मिळतात. सहा सेलांचे झाले १२.६. एवढे दाखवले तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ वर आली की पाव शिल्लक. गिऱ्हाईक मीटरमध्ये डोकावून म्हणतं, "बारा दाखवतंय की दादा, बाराचीच तर बॅटरी आहे!" त्यांना सांगावं लागतं, बाराच्या बॅटरीत बारा उरले म्हणजे ती उतरली.

ती उतरते कशी? गाडी तर बंद होती. इथे खर्चाची बाजू बघावी लागते. जुन्या ॲम्बॅसेडरला, जीपला पुढून हँडल मारायची सोय होती आणि किल्ली काढली की गाडीत जवळजवळ काहीच चालू राहत नसे. बॅटरी बसली तरी गाडी दोन माणसांच्या जोरावर सुरू व्हायची. आता हँडल गेलं आणि वर अखंड जागं राहणारं सामान आलं: सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, म्युझिक सिस्टिम, इंजिनाच्या कॉम्प्युटरची आठवण. सगळं मिळून वीस-तीस मिलिअँपिअर, कधी पन्नास. आकडा इतका बारीक की कुणी मनावर घेत नाही. पण तीस मिलिअँपिअर चोवीस तासांत ०.७२ अँपिअर-तास खातात. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. चोवीस दिवसांत तिच्यातले सतरा गेले, म्हणजे बॅटरी निम्मी. दीड-पावणेदोन महिन्यांत खडखडाट. त्यात बॅटरी स्वतःहूनही थोडी उतरते. आपल्याकडच्या हवेत महिन्याला साधारण चार-पाच टक्के धरावेत. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा वेग जवळपास दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी काय होत असेल, ते आलंच.

उतरणं हा बॅटरीचा रोग नाही. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसं आणि गंधकाम्ल वापरून जी बॅटरी केली, ती पुन्हा भरता येते हेच तर तिचं वैशिष्ट्य. वीज देताना दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट धरतं, भरताना ते परत विरघळतं. रोजच्या वापरात हे चालूच असतं. नुकसान करतं ते ताटकळणं. निम्मी उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली, तर सल्फेटचे बारीक कण मोठे आणि टणक होतात. मग कितीही चार्जिंगला लावा, तेवढा भाग कामातून गेलेला. झाकणं उघडून आत टॉर्चचा प्रकाश टाकला, तर प्लेटा पांढुरक्या दिसतात. आम्ही म्हणतो, बॅटरी पांढरी पडली. अशा बॅटरीत कुणी ॲसिड घालून आणतात. तीही चूक. उडून जातं ते पाणी. म्हणून घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर.

आता जमेची बाजू. एक निवृत्त गुरुजी मला दर वेळी ऐकवतात, "अहो, मी दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो. तरी बॅटरी जाते म्हणजे मालच खराब." गुरुजी नेमाने करतात, त्यात शंका नाही. पण हिशेब मांडून बघा. सेल्फने दीडशे अँपिअर ओढले ते तीन सेकंद. म्हणजे एका अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा. तो तर काही मिनिटांत फिटतो. खरं देणं आहे ते आठवडाभरात थेंबाथेंबाने गेलेल्या पाच अँपिअर-तासांचं. इंजिन जागेवर धीम्या गतीत असताना अल्टरनेटर, ज्याला इथे अजून सगळे डायनामोच म्हणतात, पूर्ण ताकदीने काम करत नाही. दहा मिनिटांत दीडेक अँपिअर-तास आले तरी खूप. आठवड्याला पाच खर्च, दीड जमा. वर बॅटरीची अडचण अशी, की तिचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असला तरी त्याला तास लागतात. म्हणून दहा-दहा मिनिटांच्या या रतिबावर बॅटरी कधीच भरत नाही, दर आठवड्याला आणखी थोडी उतरते आणि प्लेटांवरचं सल्फेट टणक होत जातं. शिवाय गार इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. चालवायची तर चाळीस-पन्नास मिनिटं, मोकळ्या रस्त्याने, एसी बंद ठेवून. दापोलीहून हर्णैला जाऊन आलात, मासळी बाजार केलात, तरी गाडीला जे हवं ते मिळालं.

जिला कुणी चालवणारंच नाही, तिच्यासाठी माझा पहिला इलाज दहा नंबरचा पाना. मायनस काढायचा. खर्च जागच्या जागी थांबतो आणि उरते ती फक्त बॅटरीची स्वतःची गळती. आधी मायनसच का? मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो. प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडते, आणि नुकत्या चार्ज झालेल्या बॅटरीवर हायड्रोजन असतो. मायनस आधी निघाला की हा धोका राहत नाही. जोडताना उलट, प्लस आधी आणि मायनस शेवटी. याची किंमतही मालकाला आधी सांगून ठेवतो. घड्याळ शून्यावर येईल. काही गाड्यांत बटणावरच्या काचा पुन्हा सेट करून घ्याव्या लागतील. सुरुवातीचे थोडे किलोमीटर इंजिन जरा अडखळेल. रिमोट चालणार नाही, म्हणून दरवाजाची साधी किल्ली जवळ हवी. आणि डिकी फक्त बटणावर उघडत असेल, तर जम्प केबल डिकीत ठेवू नका. एवढं मात्र लक्षात असू द्या, की मायनस काढण्याआधी बॅटरी भरलेली हवी. निम्मी बॅटरी सोडवून ठेवली तरी ती निम्मीच राहते, आणि ताटकळण्याचं नुकसान होतंच.

दुसरा इलाज सौर पॅनल. इथे पुष्कळांचे पैसे वाया जातात. बाजारात डॅशबोर्डवर ठेवायची छोटी पट्टी मिळते, तिची पिन लायटरच्या सॉकेटमध्ये घालायची असते. अनेक गाड्यांत किल्ली काढली की ते सॉकेट बंद होतं. पॅनल उन्हात, पिन सॉकेटमध्ये आणि बॅटरीपर्यंत काही पोचत नाही. वायर थेट बॅटरीला हवी, आणि बॅटरीच्या अगदी जवळ दोन-तीन अँपिअरचा फ्यूज हवा. उंदराने वायर कुरतडली तर शॉर्ट होऊन शेड पेटायला नको. दहा वॉटचं पॅनल पुरतं. लख्ख उन्हात ते अर्ध्या अँपिअरहून थोडं जास्त देतं. दिवसाला दोन-अडीच अँपिअर-तास. आपला खर्च एकाच्या आत, म्हणजे हिशेब फायद्यात. पण मोकळ्या पॅनलचा दाब एकवीस व्होल्टपर्यंत जातो. भरलेल्या बॅटरीला महिनोन्‌महिने तो लागला तर पाणी आटतं. म्हणून मध्ये कंट्रोलर लागतो. तो रात्री बॅटरीतून पॅनलकडे उलट जाणारा प्रवाहही अडवतो. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल.

कोकणात मोठी अडचण असते ती सावलीची. गाडी रंगासाठी सावलीत हवी, पॅनल उन्हात. शिवाय पॅनलमधले छत्तीस सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे नारळाच्या एका झावळीची सावली दोन-चार सेलांवर पडली तरी सगळ्या पॅनलचा प्रवाह घसरतो. मी पॅनल शेडच्या पत्र्यावर दक्षिणेकडे थोडं कलतं बसवतो आणि वायर खाली आणतो. आठ महिने ते चोख काम करतं. जून ते सप्टेंबर मात्र त्याच्या भरवशावर राहू नये. आभाळ भरून आलं की पाचवा हिस्साही मिळत नाही, असे दिवस ओळीने येतात. आगोटीच्या कामांत गवत, सरपण आणि छपराबरोबर मायनसही आठवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

याची खरी परीक्षा २०२० साली झाली. २५ मार्चपासून लॉकडाऊन, गाड्या जागच्या जागी. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. खांब आडवे झाले, आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. दुकानातला चार्जर निरुपयोगी. एक डिझेल टेम्पो चालू ठेवून, जाड केबलने एकेक बॅटरी त्याच्याशी प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून, तासतासभर भरली. पहिला नंबर दवाखान्याच्या फेऱ्या करणाऱ्यांचा. केबलला हात लावून बघायचा, तापली तर थांबायचं. पार बसलेली बॅटरी सुरुवातीला भसाभस ओढते. त्या दिवसांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्यांनी मार्चमध्येच भरलेल्या बॅटरीचा मायनस काढला होता, त्यांच्या गाड्या पहिल्या सेल्फला उठल्या. बरेच रविवारवाले टेम्पोपाशी रांगेत होते.

म्हणून गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर मायनस काढा. गाडी अधूनमधून लागते आणि जागेवर ऊन आहे, तर दहा वॉटचं पॅनल कंट्रोलरसह लावा. यातलं काहीच जमत नसेल तर आठवड्यातून एकदा तिला कामाला घेऊन जा, नुसती घुमवू नका. आणि पुढच्या वेळी कुणी "बॅटरी गेली, नवीन घाला" म्हणालं, मग तो मी का असेना, तर त्याला आधी मीटर लावायला सांगा, आकडा स्वतः वाचा, बॅटरी पूर्ण भरून एक रात्र ठेवून पुन्हा वाचा, आणि मगच पैसे काढा.