तुडवलेली मेजवानी

लांबच लांब टेबलांवर मेजवानी मांडलेली आहे, पण पाहुणा एकही नाही. मारी नावाच्याच दोन मुली सामानाच्या लिफ्टमधून तिथं पोचतात. आधी बोटांनी चाखतात, मग मुठीनं खातात, एकमेकींवर फेकतात, शेवटी टाचांच्या बुटांनी सगळं तुडवत टेबलावरून चालतात. दिग्दर्शिका व्येरा खितिलोवाच्या ‘डेझीज’ या सिनेमातला (१९६६) हा प्रसंग पाहताना माझा जीव कळवळतो. पानात काही टाकायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं. त्यामुळे मे १९६७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या संसदेत प्रतिनिधी प्रुझिनेत्स या सिनेमातल्या अन्नाच्या नासाडीवर तुटून पडले, तो राग मला समजतो. पटत मात्र नाही.

कारण सिनेमाच्या आरंभी आणि अखेरीस विमानातून दिसणारी युद्धाची दृश्यं आहेत. शेवटी अर्पणपत्रिका येते ती तुडवलेल्या कोशिंबिरीपायीच ज्यांचा संताप होतो, त्यांच्या नावानं. आरोप होण्याआधीच खितिलोवानं उत्तर देऊन ठेवलं होतं.

अन्न हे निमित्त होतं, असं मला वाटतं. खरं खुपलं ते त्या मुलींचं कुणाच्याही उपयोगी न पडणं. म्हाताऱ्या पुरुषांच्या पैशानं जेवायचं, मग त्यांना गाडीत बसवून द्यायचं. हाच त्यांचा उद्योग. एकदा सायकलवरून चाललेले कामगार त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आपण खरंच आहोत ना, अशी शंका दोघींना येते. मग रस्त्यात आपणच टाकलेली मक्याची सालं सापडतात आणि त्या हरखून जातात. कामावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या राज्यात या पोरींच्या असण्याचा पुरावा काय, तर त्यांनी केलेला कचरा! मला हा सिनेमातला सगळ्यात धीट क्षण वाटतो.

पुढे दोघी सुधारतात. अंगाला वर्तमानपत्रं दोरीनं बांधून, कुजबुजत, फुटक्या बशांचे तुकडे जुळवतात, चिखल झालेलं अन्न पुन्हा ताटांत भरतात. बशा सांधल्या जात नाहीत, तरी आपण शहाण्या झालो, सुखी आहोत, असं म्हणत राहतात. ऑगस्ट १९६८ मध्ये प्राग शहरात सोव्हिएत रणगाडे घुसले. त्यानंतरची कित्येक वर्षं साऱ्या देशालाच असं सुखी असल्याचं दाखवावं लागलं.

खितिलोवाला १९७० नंतर सिनेमा करू दिला जाईना. १९७५ मध्ये तिनं थेट राष्ट्राध्यक्ष हुसाक यांना पत्र लिहिलं. आळशी मुली रंगवल्या म्हणून जिच्यावर डोळे वटारले गेले, ती बाई त्या पत्रात काम करण्याचा आपला हक्क मागत होती.