सणसवाडी : साखळी, माळ आणि मुका सोबती

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालेला प्रवासी वाघोली, लोणीकंद मागे टाकून भीमा नदी ओलांडतो आणि कोरेगाव भीमा सोडताच शिरूर तालुक्यातील सणसवाडीत येऊन पोहोचतो. रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांना हे गाव कारखाने, गोदामे, वजनकाटे आणि मालमोटारींच्या रांगा यांवरून ठाऊक असते. महामार्ग सोडून थोडे आत वळले, की मात्र उसाचे मळे, कापणी झालेली शिवारे आणि मुरमाड माळ लागतात. या दोन सणसवाडींमध्ये अंतर थोडेच आहे. पण तेथील श्वानांच्या जीवनात मोठे अंतर आहे.

गोदामाच्या फाटकाशी हातभर साखळीने बांधलेला कुत्रा हे औद्योगिक पट्ट्यातील परिचयाचे दृश्य होय. दिवसभर त्याला बांधून ठेवायचे आणि रात्री त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करायची, असा हा व्यवहार. शहरातील सदनिकांत वेगळे चित्र नाही. हौसेने आणलेले उमदे जनावर गच्चीत किंवा सज्जात कोंडलेले असते. ते भुंकते, पायपुसणी फाडते, दार ओरबाडते, आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात. वस्तुतः त्याच्या अंगातील शक्तीला वाट मिळालेली नसते.

शिवारात उतरलेल्या धनगरांच्या वाड्यावर याच्या उलट चित्र दिसते. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवितो आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. दिवसा मेंढरे चरतात, रात्री जाळीच्या आत विसावतात आणि कुत्री भोवताली जागी राहतात. भीमा व घोड नद्यांच्या काठच्या उसात बिबट्याचा वावर आहे. दौंड-बारामतीकडील माळांवर लांडगे आहेत. त्यामुळे ही राखण नावापुरती नसते. या श्वानांचे शिक्षण सोपे असते. पिल्लू लहानपणापासून मेंढरांतच वाढते, त्यांचा वास आणि आवाज ओळखू लागते, मोठ्या कुत्र्यांचे पाहून शिकते. कळप हेच त्याचे कुटुंब होते. वाड्याबरोबर मैलोगणती चालणे हाच त्याचा व्यायाम.

श्वानाकडून घडणाऱ्या कष्टाच्या कामाचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे उत्तरेकडील हिमप्रदेशातील स्लेज, अर्थात बर्फावरून घसरत जाणारी श्वानांची गाडी. जानेवारी १९२५ मध्ये अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली. बर्फामुळे अन्य मार्ग बंद होते. तेव्हा २० चालक आणि सुमारे दीडशे श्वान यांनी टप्प्याटप्प्याने नेनाना येथून जवळपास १,०८५ किलोमीटर अंतर सुमारे साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचविले. सर्वांत लांब व धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेपाला आणि त्यांचा अग्रणी श्वान टोगो यांनी पार केला. शेवटच्या टप्प्यातील बाल्टो या श्वानाचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभारला गेला.

याच विद्येची दुसरी बाजूही आहे. रोआल्ड अमुंडसेन यांनी १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुव गाठला. त्या मोहिमेवर निघालेल्या ५२ श्वानांपैकी परत आले अवघे ११. उरलेल्यांपैकी बहुतेकांना वाटेत मारून खाण्यासाठी वापरण्याचे आधीच ठरलेले होते. ज्यांनी ओझे ओढले, तेच पुढे अन्न झाले. प्राण्याकडून काम घेताना मर्यादा कोठे आखावी, हा प्रश्न जैन वाचकाला येथे टाळता येत नाही.

त्याचे उत्तर श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतातच आहे. प्रतिक्रमणात या व्रताचे पाच अतिचार आठवले जातात. बंध म्हणजे जिवाला जखडून ठेवणे, वध म्हणजे मारहाण, छविच्छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभार म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि पाचवा अन्नपाणी रोखणे. माल बैलांच्या व घोड्यांच्या पाठीवरून जात असे, त्या काळी हे अतिचार व्यापाऱ्याच्या रोजच्या व्यवहारातील होते. आज बैल गेले, मालमोटारी आल्या. परंतु फाटकावरची साखळी राहिली. डौलासाठी श्वानाचे कान वा शेपूट कापणे हा छविच्छेदच होय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही मारहाण, अतिभार, आखूड साखळी, अन्नपाण्याची हेळसांड हे गुन्हे आहेत. इतकेच नव्हे, तर नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या श्वानाला पुरेसा व्यायाम न देणे हाही मालकाचा गुन्हा मानलेला आहे. म्हणजे श्वानाला मोकळ्या हवेत नेणे ही चैन नसून कर्तव्य आहे.

मग सणसवाडीच्या माळावर स्लेजचे शिक्षण देता येईल काय? बर्फ नाही, हा अडथळा लहान आहे. खरा अडथळा उष्म्याचा आहे. श्वानाला मनुष्याप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीजवळ जातो. सायबेरियन हस्कीसारख्या दाट लोकरीच्या जातीला येथे गाडी ओढायला लावणे हा सरळसरळ अतिभार ठरेल. अशी जात या हवामानात विकत घेण्यापूर्वीच विचार करावा, हे अधिक श्रेयस्कर.

तथापि त्या शिक्षणातील पद्धत घेण्यासारखी आहे. हिमप्रदेशातही कोवळ्या पिल्लाला गाडीला जुंपत नाहीत. हाडे पक्की होईपर्यंत त्याला केवळ पट्ट्याची सवय लावतात. पट्टा गळ्याभोवती न बांधता छातीवरून घेतात, म्हणजे श्वास कोंडत नाही. चल, थांब, डावीकडे, उजवीकडे असे मोजके शब्द नेहमी त्याच स्वरात उच्चारतात. शब्द पाळला की लगेच खाऊ वा शाबासकी मिळते. तेथील जाणता चालक अग्रणी श्वानाच्या नकारालाही मान देतो, कारण पुढचे बर्फ कच्चे असल्याचे त्याला आधी कळते. युरोपात बर्फाविनाच्या ऋतूत सरावासाठी मालकाच्या कमरेला पट्टा बांधून श्वानासह धावण्याची रीत पडली. तिला कॅनिक्रॉस म्हणतात. तिच्यात ओझे नाही, केवळ सोबत आहे.

हे सणसवाडीच्या शिवारातही साधता येते. थंडीच्या दिवसांत सूर्योदयापूर्वी निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. आरंभी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. डांबरी रस्त्यावर सात-आठ सेकंद हात टेकवून पाहावा. हाताला चटका बसला तर श्वानाच्या पंजालाही बसेल. पाणी बरोबर असावे. रेबीजची लस वेळेवर द्यावी, परतल्यावर गोचीड तपासावेत. श्वान धापा टाकू लागला, मागे राहिला वा खाली बसला, तर त्याचा नकार स्वीकारावा. त्याला ओढत नेणे हा व्यायाम नव्हे.

आणखी एक यतना आवश्यक आहे. माळ ओसाड दिसत असला तरी निर्जीव नाही. टिटवी व चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, ससे गवतात दडलेले असतात. म्हणून अशा ठिकाणी श्वानाचा दोर हातातून सोडू नये आणि पाठलागाचा खेळ शिकवू नये. धनगराच्या कळपाजवळून तर दूरच्या वाटेने जावे. तेथील राखणदार आपले कर्तव्य बजावत असतो. एका जिवाच्या आनंदासाठी दुसऱ्याचा घात झाला, तर जीवदयेचा जमाखर्च जुळत नाही.

ज्यांच्या पेढीवर, गोदामावर वा घरी श्वान आहे, त्यांनी प्रारंभ साखळीपासूनच करावा. ती लांब असावी, सावलीत असावी आणि दिवसातून दोनदा सुटावी. ते काम नोकरावर सोपवले असेल, तर ते झाले की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. पुढच्या वेळी रांजणगावला जाताना सणसवाडीत गाडी थांबली, तर गोदामाच्या फाटकाकडे एकवार दृष्टी टाकावी. तेथे बांधलेल्या जिवासमोर पाण्याचे भांडे आहे काय आणि त्यात पाणी आहे काय, एवढे तरी पाहून मगच पुढे निघावे.