आकाशगंगेला चंद्र असतात का?

आधी एक कबुली देतो. सहावीच्या वर्गात मी ग्रह-उपग्रह शिकवत होतो. पृथ्वीला एक चंद्र, गुरूला कितीतरी, असं चाललं होतं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, आपल्या आकाशगंगेला पण चंद्र असतात का?" वर्ग हसला. मीही हसलो. "धड्यातलं विचार गं," म्हणालो आणि पुढे गेलो. वर्षभरात तिने पुन्हा हात वर केला नाही.

आणि तिचं बरोबर होतं हो! आकाशगंगेच्या आसपास खरंच लहान दीर्घिका फिरतात. त्यांना बटू दीर्घिका म्हणतात. आजवर पन्नासहून अधिक सापडल्यात. सर्वांत ठळक सोबती म्हणजे मॅगेलनचे दोन मेघ. दक्षिण गोलार्धात ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आपल्याकडून मात्र नाही.

यातल्या लहान मेघाने केवढं काम केलंय बघा. हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट काचेच्या प्लेटांवरून ताऱ्यांचं तेज मोजत. या मेघातल्या काही ताऱ्यांचं तेज ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होई. १९१२ साली अशा २५ ताऱ्यांवरून त्यांनी दाखवलं, की ज्याचं चक्र लांब तो तारा जास्त तेजस्वी. हे तिथेच का कळलं? रात्री घाट उतरताना खालच्या गावाचे दिवे आठवा. सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून जो जास्त उजळ दिसतो तो खरोखरच मोठा. आपल्या आजूबाजूच्या ताऱ्यांत जवळचा कोण नि लांबचा कोण, हीच पंचाईत! पुढे याच नियमाने हबल यांनी देवयानी दीर्घिकेचं अंतर काढलं.

आपल्याकडून बघायचं असेल तर धनू राशीतला एम ५४ हा तारकागुच्छ लहान दुर्बिणीतून अंधूक ठिपक्यासारखा दिसतो. मेसिए यांनी तो १७७८ मध्ये नोंदवला. तो आपल्याच आकाशगंगेतला, असं सगळे धरून चालले होते. १९९४ मध्ये धनू बटू दीर्घिका सापडली आणि हा गुच्छ तिचा निघाला. त्या बिचारीला आकाशगंगा ओढून विस्कटते आहे.

ती मुलगी आता आठवीत आहे. परवा व्हरांड्यात थांबवून तिला हे सगळं सांगितलं. क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "मग सर, त्या चंद्रांना चंद्र असतात का?"

"वाचून सांगतो," म्हटलं. वाचलं. मोठ्या मॅगेलन मेघासोबतही काही बटू दीर्घिका आल्या असाव्यात, असं गाया यानाच्या मोजमापांवरून दिसतंय. सोमवारी तिला सांगायचंय.